अक्काने मला संघातून काढलं तेव्हा

शाळेच्या मैदानावर मुलांचा सराव चालू होता. शिपाई फाटकातूनच हाका मारत आला, "सर, धुळ्याचा फोन." धुळ्याचा फोन म्हणजे अक्काचा, असंच मी धरून चाललो. आदल्या रविवारी जळगावातल्याच एका शाळेकडून आमची मुलं हरली होती. ती बातमी तिच्यापर्यंत पोचली असणार आणि मी डाव्या बाजूला त्या बुटक्या मुलाला का खेळवलं, याचा जाब ती विचारणार. ऑफिसपर्यंत चालत जाताना मी माझं उत्तर मनात नीट जुळवून घेतलं. त्या मुलाचा डावा पाय चांगला आहे, उंचीचं काय घेऊन बसलीस, वगैरे... फोनवर शेजारचे काका होते. त्यांची दोन वाक्यं ऐकली आणि मी खुर्चीवर बसलो. जुळवलेलं उत्तर तोंडात तसंच राहिलं. गेलं वर्षभर तिचं हृदय कुरकुरत होतं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती, हे सगळं ठाऊक असूनही अक्का कधी नसेल असा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मला वाटतं, तिच्याही आला नसावा.

सुलोचना हे तिचं नाव कागदोपत्री राहिलं. वस्तीत, टेलिफोनच्या कचेरीत आणि मैदानावर ती अक्काच. माझी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, वडील गिरणीच्या पाळ्यांमध्ये अडकलेले, त्यामुळे मला वाढवलं ते तिनेच. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीत गेलेली ती पहिली मुलगी. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "पाळ्या बदलत्या, नवरा कुठे बदलता येतो?" आणि ऐकणारा हसेपर्यंत विषय दुसरीकडे गेलेला असायचा.

फुटबॉल तिच्या आयुष्यात माझ्यामुळे आला. शाळा सुटली की मी पांझरा नदीकाठच्या मैदानावर पडीक असायचो आणि पाळी संपवून ती मला घरी न्यायला यायची. खेळ संपल्याशिवाय मी हलायचो नाही, म्हणून ती थांबायची. थांबता थांबता बघायला लागली. बघता बघता बोलायला लागली... आणि एकदा बोलायला लागल्यावर ती काही थांबली नाही. मी मोठा होऊन 'पांझरा इलेव्हन'चा सेंटर फॉरवर्ड झालो तोवर अक्का आमच्या संघाचा एक भागच होऊन बसली होती. सामना असला की पाळी बदलून घ्यायची, पांढरी छत्री घेऊन यायची आणि रेफ्रीच्या शिट्टीपेक्षा तिचा आवाज जास्त ऐकू यायचा. शिवी कधी दिली नाही. गोल झाला म्हणून नाचलीही नाही. ती फक्त सांगायची. "उजवा बॅक, तू कुणाला धरलंयस? तो तर पाणी प्यायला गेलाय!"

तिच्या कामाचाही तिला या बाबतीत फायदा झाला. गावं एकमेकांना जोडणाऱ्या ट्रंक लाइनवर भुसावळ, जळगाव, शिरपूर, चोपडा, सगळीकडच्या ऑपरेटर मुलींशी तिची ओळख. एकमेकींना पाहिलेलं नाही, आवाजावरच मैत्री. लाइन मोकळी असली की तिकडची खुशाली विचारता विचारता ही हळूच विचारायची, "काल तुमच्याकडे सामना होता ना, काय झालं?" सुरुवातीला त्या मुली हसल्या असतील. पुढे पुढे त्या स्वतःच भावांना, नवऱ्यांना विचारून माहिती काढून ठेवायला लागल्या. भुसावळचा गोलकीपर कोणत्या बाजूला कमी झेपावतो, हे आमच्या सेक्रेटरींच्या आधी अक्काला कळलेलं असायचं.

हे सेक्रेटरी म्हणजे नाना. कापडाचे व्यापारी, दिलदार माणूस, संघाच्या जर्सी दरवर्षी त्यांच्याच दुकानातून. अक्काशी त्यांचं कधी पटलं नाही आणि तिच्यावाचून कधी चाललंही नाही. ती मंडळाची सभासद नव्हती, पण ती आल्याशिवाय बैठक सुरू करायची कुणाची छाती नव्हती. नानांच्या दुकानाच्या गादीवर आम्ही सगळे कोंडाळं करून बसायचो, तिच्यासाठी मात्र आतून खुर्ची यायची.

आमच्या खेळाची पद्धत तेव्हा अगदी साधी होती. मागच्याने जोरात लाथ मारून बॉल पुढे टाकायचा, पुढच्यांनी धावायचं, आणि शेवटी तो माझ्याकडे द्यायचा. पंचाऐंशी-शहाऐंशीचा काळ असेल. अक्काचं म्हणणं, ही पद्धत आपल्या मैदानाला चालणारी नाही. काळी जमीन, दिवाळीनंतर दगडासारखी कडक होते, भेगा पडतात. उंचावरून आलेला बॉल टप्पा खाऊन कुठेही उडतो. "बॉल खाली ठेवा, जवळच्या जवळ द्या. तुम्ही त्याला आभाळात पाठवता आणि मग खाली येईल तेव्हा देवाच्या हवाली करता." नाना म्हणायचे, "अक्का, लोकांना उंच किक आवडते." ती म्हणायची, "मग लोकांना पतंग द्या."

दर हिवाळ्यात जळगावला मोठी स्पर्धा व्हायची. सलग काही वर्षं आम्ही तिच्यात पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होत होतो. त्या वर्षी नानांनी ठरवलं की मुंबईहून दोन तयार खेळाडू आणायचे. अक्काने साफ विरोध केला. "ते येतील, खेळतील, कप मिळाला तर फोटो काढतील आणि गाडी पकडतील. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा इथेच बसलेले असाल." मग तिने आपलं पान उघडलं. शिरपूरच्या ऑपरेटर मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की तिथल्या कॉलेजात सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा जालम नावाचा मुलगा आहे, तो बॉल घेऊन सुटला की त्याला कोणी गाठू शकत नाही. अक्का सुट्टीच्या दिवशी एसटीने शिरपूरला जाऊन, कॉलेजच्या कुंपणाबाहेर उभी राहून त्याचा खेळ बघून आली होती. आल्यावर मला एवढंच म्हणाली होती, "वारासारखा पयस तो." म्हणजे वाऱ्यासारखा पळतो तो. तिला फार आवडलं काही की ती अहिराणीत यायची.

बैठकीत नाना म्हणाले, "मुलगा चांगला असेल हो. पण पुढच्या फळीत जागा कुठे आहे? कोणाच्या जागी घ्यायचा?"

"मधूच्या," अक्का म्हणाली.

मधू म्हणजे मी. संघाचा कॅप्टन. सगळ्यात जास्त गोल माझ्या नावावर. कोणी माझ्याकडे बघेना. नानांनी सावरायचा प्रयत्न केला, "अक्का, घरातलं भांडण घरात..."

"भांडण कसलं?" ती म्हणाली. "मन्हा भाऊ शे, म्हनीसन मीच सांगस. दुसरं कोनी सांगनार नही." आणि मग माझ्याकडे वळून, जशी लहानपणी गणित समजावायची तशी म्हणाली, "मधू, तुझा गुडघा गेलाय हे तुला माहीत आहे. त्याचंही सोड. बॉल तुझ्याकडे येतो आणि खेळ थांबतो. तू वळतोस, बघतोस, सगळे उभे राहतात. तोवर समोरचे चार जण मागे पोचलेले असतात. दहा पोरं तुझ्यासाठी खेळतात. संघासाठी कोण खेळतं?"

मी उठून निघून आलो. चप्पल घालायचंही भान नव्हतं, ती नंतर कोणीतरी घरी आणून दिली.

आमचं घर एकच. मी, माझी बायको मीना आणि अक्का. त्यानंतर कित्येक दिवस मी अक्काशी बोललो नाही. ती मात्र रोजच्यासारखी बोलत राहिली. मी उत्तर दिलं नाही तर मीच काय म्हटलं असतं ते गृहीत धरून पुढे जायची. एकदा जेवताना मी मीनाला म्हणालो, "विचार यांना, भावाला चारचौघांत उघडं पाडून काय मिळालं." मीनाने पोळी वाढता वाढता सांगितलं, "अक्का बरोबर बोलल्या. तुमचा गुडघा मी रोज रात्री शेकते, मला माहीत आहे." अक्का हसली नाही. म्हणाली, "राग सामन्यानंतर काढ. आधी येऊन बघ तरी." मी ताट सरकवून उठलो.

पण माणूस किती दिवस मैदानाकडे पाठ फिरवणार? घरातून शिट्टी ऐकू यायची. एका संध्याकाळी मी गेलोच, लांब उभा राहिलो. जालम आलेला होता. नाना त्याची राहायची सोय आपल्या गोदामावर करून मोकळे झाले होते. काटक, शांत, कपाळावर केस आलेले. अक्काच्या योजनेप्रमाणे त्याला उजव्या कडेला ठेवलं होतं आणि कडेच्या मुलाला माझ्या जागी मधे आणलं होतं. तो धावत होता, खरंच वाऱ्यासारखा, पण मला चटकन दिसलं की त्याचं मन त्यात नाही. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. अक्काचा अंदाज चुकला, या आनंदात मी जरा जवळ सरकलो.

खेळ थांबल्यावर तो सरळ अक्कासमोर येऊन उभा राहिला. "अक्का, मी पळतो म्हणून जिथे जातो तिथे मला कडेलाच उभं करतात. आमच्याकडची पोरं म्हणजे नुसती पळणारी, असं सगळ्यांना वाटतं. मला मधून खेळायचंय. मधून मैदान दिसतं."

दुसरं कोणी असतं तर अक्काने त्याला उडवून लावलं असतं. तिने छत्री मिटली. "दिसतं? काय दिसतं ते सांग."

त्याने सांगितलं. आता जो डाव झाला त्यात कोण कुठे होतं, कोण रिकामा होता, डावीकडे जागा असताना बॉल उजवीकडे का आला, सगळं बोट दाखवत सांगितलं. माझ्या जागेवर उभ्या असलेल्या मुलालाही सोडलं नाही. अक्का ऐकत होती. मी तिला इतका वेळ गप्प त्याआधी पाहिलं नव्हतं. मग तिने मान वळवून हाक मारली, "नाना! मी चुकले. याला मधे घ्या. कडेला दुसरा बघा."

मी चुकले, हे तिने ज्या आवाजात म्हटलं, त्याच आवाजात ती आयुष्यभर 'मी सांगत होते ना' म्हणत आली होती. काही फरक नाही. तिथे माझा राग पहिल्यांदा ढिला पडला. तिला जिंकायचं नव्हतं, तिला खेळ नीट झालेला बघायचा होता... हे मला तेव्हा इतक्या शब्दांत सुचलं नसेल, पण मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो हे नक्की. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलास? तो डावा हाफ बघ. त्याला कुठे उभं राहायचं कळत नाही. तुला कळतं. जा, सांग त्याला." मी गेलो. त्या संध्याकाळी मी मैदानात उतरलो तो खेळाडू म्हणून नव्हे, आणि पुढे तेच माझं काम झालं.

जळगावच्या स्पर्धेतला पहिला सामना मी तिच्या शेजारी उभं राहून पाहिला. बॉल जालमकडे यायचा आणि लगेच निघायचा. थांबायचा नाही. कुणाच्या पायाला नीट लागला न लागला तोच पुढच्याकडे. आपली इतकी वर्षांची जागा भरून निघताना बघणं सोपं नसतं. आमचा गोल झाला, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. ऊन माझ्या बाजूने येत होतं, तर अक्काने छत्री माझ्याकडे कलती केली.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि एका गोलने हरलो. परतीच्या एसटीत पोरांची तोंडं उतरलेली. जालम खिडकीला डोकं टेकवून बसलेला, गोलकीपर तर उघड रडत होता. अक्का मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. "रडायचं असेल तर पारोळ्यापर्यंत रडून घ्या," तिने जाहीर केलं. "पुढे धुळं लागतं, तिथे माणसं बघायला उभी असतील." मग तिने पुढच्या वर्षीचा संघ सांगायला सुरुवात केली. कोण कुठे खेळेल, कोणाला विश्रांती, चोपड्याच्या कुठल्या मुलावर तिची नजर आहे. कंडक्टरसुद्धा तिकिटं सोडून ऐकत होता. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा पोरं आपापसात वाद घालायला लागली होती, म्हणजे शुद्धीवर आली होती.

टपरीशी मी तिला बाजूला घेतलं. "अक्का, मी अजून एक वर्ष खेळलो असतो ना?"

"दोनसुद्धा खेळला असतास," ती म्हणाली. "टाळ्याही मिळाल्या असत्या. मग कोणीतरी परक्याने तुला थांब म्हणून सांगितलं असतं, आणि तू मैदानाचं तोंड बघायचं सोडलं असतंस. मी बघितलेत असे. भाऊ, मला तू मैदानावर हवा होतास. मग तू खेळलास काय नि शिकवलंस काय."

ती मला सहसा भाऊ म्हणत नसे. मी पारोळ्याच्या किल्ल्याकडे बघत चहा संपवला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही कप जिंकला. नेमकी त्या दिवशी अक्का ड्यूटीवर होती, सहकारी मैत्रिणीच्या घरी लग्न होतं म्हणून हिने पाळी घेतलेली. सामना संपताच मी जळगावच्या टेलिफोन ऑफिसात धावत गेलो आणि धुळ्याला ट्रंक कॉल लावला. पलीकडून तिचाच आवाज. मी ओरडलो, "अक्का, जिंकलो!"

"ते कळलं," ती म्हणाली. "तिथल्या ऑपरेटर मुलीने केव्हाच सांगितलं. पहिला गोल जालमचा, तेही कळलं. दुसरा कसा झाला ते सांग. आणि हळू बोल, लाइन कामाची आहे."

मी सांगत गेलो. मधूनच ती विचारायची, "तेव्हा डावा बॅक कुठे होता?" शेवटी तिचा आवाज येईना. लाइन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. "आहे," ती म्हणाली, "आहे मी." मग लगेच, "ठेव आता." नंतर तिच्या सोबत बसणाऱ्या बाईंनी मला सांगितलं की त्या दिवशी अक्काने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पदराने तोंड पुसत उठून गेली, तेही पाळी चालू असताना. असं तिने नोकरीत कधी केलं नव्हतं.

तिची सगळी भाकितं खरी ठरली असं मी म्हणणार नाही. आमचा संघ मुंबईच्या मोठ्या स्पर्धांत खेळेल, असं ती छातीठोकपणे सांगायची. तसं झालं नाही. नाना थकले, पोरं नोकऱ्यांना लागली, मैदानावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आल्या. एक्स्चेंजही आपोआप चालणारं झालं आणि त्या आवाजांच्या मैत्रिणी पांगल्या. पण जालम शिक्षक झाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत. मला जळगावला क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळाली ती त्या कपाच्या जोरावर. मीनाला आणि मला धुळं सोडावं लागलं, अक्का मात्र घर सोडून आली नाही. दोन वर्षांपूर्वी ती जालमच्या शाळेत गेली होती, तिथल्या मुलींचा खेळ बघायला. येऊन फोनवर म्हणाली, "मधू, आपण इतकी वर्षं अर्ध्याच पोरांमधून संघ निवडत होतो. मुली बघ जरा." हे बोलताना ती हळहळत नव्हती. तिच्या डोक्यात नवीन संघ तयार होता.

धुळ्याच्या बुद्धविहारात अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जालम आला. त्या मुलींपैकी काही जणी त्याच्यासोबत पांढऱ्या कपड्यांत आल्या होत्या, मागे ओळीने बसल्या. वंदना झाली, चार माणसं बोलली. कोणी तिच्या नोकरीबद्दल, कोणी तिच्या स्वभावाबद्दल. जालमला बोलायचा आग्रह झाला तर तो उभा राहून एवढंच म्हणाला, "मला काय दिसतं, हे आधी कोणी विचारलं नव्हतं," आणि बसला.

सगळे गेल्यावर धुळ्याच्या घरी मीना स्वयंपाकघर आवरत होती आणि मी अक्काच्या वरच्या खोलीत गेलो. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटल्यावर तिने उलटाच अर्थ काढला होता. वर जाऊन बसली आणि खाली येणंच बंद केलं. तिची खाट खिडकीला लागून आडवी लावलेली. मी तिथे बसलो आणि मला तिचं कारण कळलं. त्या खिडकीतून नदीकाठच्या मैदानाचा अर्धा भाग दिसतो. एक गोल, एक पेनल्टी एरिया आणि मधल्या रेषेपर्यंतची जमीन. पलीकडचं सगळं शेजारच्या इमारतीने झाकलेलं. गेलं वर्षभर तिने अर्ध्या मैदानावरून पूर्ण सामन्यांबद्दलची मतं फोनवर मला ऐकवली होती आणि मला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

खाली पोरांचा खेळ चालू होता. बॉल इमारतीआड गेला. मी तो परत यायची वाट बघत बसलो. अलीकडचा बॅक, सोळा-सतरा वर्षांचा, कमरेवर हात ठेवून आपल्या गोलाशी निवांत उभा होता. बॉल पलीकडे आहे, आपलं काय काम, अशा थाटात. मला राहवलं नाही. खिडकीत वाकून मी ओरडलो, "अरे, मधल्या रेषेपर्यंत ये! तिथे काय झोपायला उभा आहेस?"

त्याने दचकून वर पाहिलं. कोण ओरडलं हे शोधायला नव्हे, थेट या खिडकीकडेच पाहिलं. मग कमरेवरचे हात काढले आणि तो धावत पुढे सरकला.